वाचनालयाची निवडणूक

गांवांतील सार्वजनिक वाचनालय कोणाचें, असा प्रश्न त्याच्या दारांत उभ्या असलेल्या दहा वाचकांना विचारला, तर कोणी तें सरकारचें म्हणेल, कोणी नगरपालिकेचें म्हणेल, आणि इमारतीवर ज्या सद्गृहस्थाचें नांव कोरलेलें आहे त्याच्या घराण्याचें तें आहे असेंहि कोणी सांगेल. 'तें आमचें आहे' असें उत्तर देणारा वाचक क्वचितच भेटेल. आणि तरीहि महाराष्ट्रांतील बहुसंख्य सार्वजनिक वाचनालयांच्या बाबतींत सत्याच्या सर्वांत जवळचें उत्तर तेंच आहे. हीं वाचनालयें सभासदांनीं स्थापिलेलीं, सभासदांच्या वर्गणीवर उभीं राहिलेलीं आणि सभासदांनीं निवडलेल्या कार्यकारी मंडळाकडून चालविलीं जाणारीं आहेत. ह्या मंडळावर जाण्याचा मार्ग कोणता, तेथें जाऊन करावयाचें काय, आणि सामान्य वाचकानें त्या भानगडींत पडावेंच कशाला, हे तीन प्रश्न ह्या विषयांत मुख्य आहेत.

ही व्यवस्था अशी कां झाली तें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. रत्नागिरीस १८२८ सालीं, नाशिकास १८४० सालीं, पुण्यास १८४८ सालीं आणि कोल्हापुरास १८५० सालीं ग्रंथालयें निघालीं. आरंभींच्या कित्येक संस्थांचीं नांवें 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' ह्या थाटाचीं असत आणि त्यांच्या उभारणींत इंग्रज अधिकाऱ्यांचा हात असे. पुढें शतक संपत आलें तेव्हां चित्र पालटलें होतें. ठाण्यास १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें आणि १८९८ सालीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. मराठी पुस्तकांचा संग्रह मराठी वाचकांनीं आपल्या बळावर करावा, ही त्यांमागची भूमिका होती. राजाश्रयाचा मार्गहि ह्याच काळांत चोखाळला गेला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानांत मोफत वाचनालयांचें जाळें विणलें, आणि कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदाच केला. मुंबई सरकारनें १९३९ सालीं नेमलेल्या फैजी समितीनेंहि ग्रंथालयांची एक पायरीपायरीची योजना सुचविली होती. परंतु गांवोगांवीं जीं वाचनालयें प्रत्यक्ष तग धरून राहिलीं, तीं मुख्यतः वर्गणीदारांनीं चालविलेलींच होतीं.

महाराष्ट्र राज्यानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम केला आणि तो १९६८ च्या मे महिन्यांत अमलांत आला. ह्या कायद्यानें मधला मार्ग पत्करला. वाचनालयें सरकारनें ताब्यांत घेतलीं नाहींत, आणि केरळ किंवा कर्नाटकाप्रमाणें नागरिकांवर स्वतंत्र ग्रंथालय-करहि बसविला नाहीं. संस्था सभासदांचीच राहिली. तिला शासनानें मान्यता द्यावी, तिचा वर्ग ठरवावा आणि त्या मानानें वार्षिक अनुदान द्यावें, असें ठरलें. 'अ', 'ब', 'क' आणि 'ड' हे चार वर्ग त्यांतूनच आले. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकें, वाचनालय उघडें राहण्याचे तास आणि सेवकवर्ग ह्यांवरून संस्थेचा वर्ग ठरतो. आज राज्यांत अशीं मान्यताप्राप्त वाचनालयें अकरा हजारांवर आहेत.

इतर ठिकाणीं निराळे प्रकार आढळतात. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत ज्यास ग्रंथालय-जिल्हा म्हणतात त्याचे सात विश्वस्त त्या भागांतील नोंदलेले मतदार थेट निवडतात. ही निवडणूक विषम वर्षाच्या एप्रिल महिन्यांत इतर स्थानिक निवडणुकांबरोबर होते, विश्वस्तांना वेतन नसतें, आणि तरीहि त्या मंडळास ग्रंथालयासाठीं मालमत्तेवर कर बसवितां येतो. ज्यानें आयुष्यांत कधीं पुस्तक घरीं नेलें नाहीं त्यासहि तेथें मत आहे, कारण कर त्यालाहि द्यावा लागतो. केरळांत १९८९ च्या कायद्यान्वयें तालुक्यापासून राज्यापर्यंत ग्रंथालय परिषदा निवडणुकीनें बनतात. महाराष्ट्रांत मात्र मताचा अधिकार गांवाला नाहीं. तो संस्थेच्या सभासदाला आहे. हा भेद ध्यानांत आला म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

वाचनालय हें कायद्याच्या दृष्टीनें दुहेरी वस्त्र पांघरून असतें. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीं ती एक संस्था असते, आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, ज्याचें नांव २०१२ सालीं बदलून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असें करण्यांत आलें, त्याखालीं ती एक सार्वजनिक न्यास असते. संस्था म्हणून तिला सभासद असतात व तिची लिखित घटना असते. न्यास म्हणून तिची मिळकत लोकांच्या उपयोगासाठीं बांधलेली असते. म्हणून 'वाचनालय आमचें' ह्याचा अर्थ 'पुस्तकें आमच्या घरचीं' असा होत नाहीं. तीन-पंचमांश सभासदांनीं संस्था मोडण्याचें ठरविलें, तरी उरलेली मिळकत सभासदांना वांटून घेतां येत नाहीं. ती दुसऱ्या संस्थेकडेच जावी लागते. सभासदांचा हक्क आहे तो कारभाराचा. तो हक्क ते निवडणुकीनें बजावितात.

येथें पहिली अडचण उभी राहते. वाचक आणि मतदार हे एकच नव्हेत. बहुतेक वाचनालयांत सभासदांचे अनेक वर्ग असतात: आश्रयदाते, आजीव सभासद, सर्वसाधारण सभासद, बालसभासद आणि केवळ मासिक वर्गणी भरून पुस्तक नेणारे वाचक. ह्यांपैकीं मताचा अधिकार कोणास, हें संस्थेची घटना ठरविते. कांहीं घटनांत नियमित वर्गणीदारास ठराविक मुदतीनंतर मत मिळतें. कांहींत तें केवळ आजीव सभासदांपुरतें राखलेलें असतें. ह्या दुसऱ्या प्रकारांत एक विपरीत स्थिति हळूहळू उत्पन्न होते. ज्यांनीं तीस वर्षांपूर्वीं एकरकमी वर्गणी भरली, आणि जे आतां गांव सोडून गेले किंवा वाचन सोडून बसले, त्यांचीं नांवें मतदारयादींत राहतात. आणि जो विद्यार्थी किंवा जी गृहिणी दर आठवड्यास पुस्तक बदलावयास येते, तिला कारभारांत शब्द नसतो. म्हणून मंडळावर जाण्याची इच्छा धरणाऱ्याचें पहिलें काम एकच: संस्थेची घटना मागून घेऊन वाचणें, आणि आपण तींतील कोणत्या वर्गांत मोडतों तें पाहणें. मताधिकारास आणि उमेदवारीस लागणारी मुदत पुष्कळदां वेगवेगळी असते. ज्याला मत देतां येतें त्याला उभें राहतां येतेंच असें नाहीं.

वर्गणीची थकबाकी ही दुसरी अडचण होय. संस्था नोंदणी अधिनियमांतच असें स्पष्ट आहे कीं, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे त्यास मत देण्याचा अधिकार नाहीं, आणि त्याची गणना सभासदांतहि होत नाहीं. निवडणुकीच्या दिवशीं मतदानाच्या टेबलापाशीं पुष्कळांना ह्या कलमाची पहिली ओळख होते. उमेदवारानें आपली पावती तर जपून ठेवावीच. शिवाय तात्पुरती मतदारयादी प्रसिद्ध झाली म्हणजे ती नुसती चाळून न पाहतां नांव, क्रमांक व पत्ता ह्यांसह तपासावी. हरकती घेण्याची मुदत थोडी असते, आणि ती निघून गेल्यावर केलेली तक्रार न्याय्य असली तरी निरुपयोगी ठरते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. इतका खटाटोप कशासाठीं? मंडळाच्या जागेस पगार नाहीं. सभांना जाण्यायेण्याचा खर्च पदरचा. नांवलौकिक झाला तर थोडा, आणि दोष मात्र पुष्कळ. ह्याच कारणामुळें लहान गांवांत निवडणूक बहुधा होतच नाहीं. मुदत संपते, जुनींच नांवें पुन्हां लिहिलीं जातात, सभेंत कोणी 'बिनविरोध' म्हणतो आणि टाळ्या वाजतात. बिनविरोध निवड नेहमींच वाईट असते असें नाहीं. पुष्कळ संस्था दोन-चार निरलस माणसांनीं पंचवीस-तीस वर्षें आपल्या खांद्यावर वाहिल्या आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध उभें राहणारा कोणी नव्हता ह्याचें कारण त्यांच्याइतकें राबण्यास कोणी तयार नव्हता. परंतु ह्याच शांततेंत दुसराहि प्रकार घडतो. माणसें थकतात, सभा कागदोपत्रीं होतात, नव्या पुस्तकांची खरेदी मार्चअखेर एका गठ्ठ्यानें होते, आणि वाचनालय सायंकाळीं सात वाजतां बंद होतें कीं सहा वाजतां, हें मंडळाच्या सभासदांनाहि ठाऊक नसतें. २०१२ सालीं महसूल खात्याकडून राज्यांतील अनुदानित वाचनालयांची विशेष पडताळणी झाली, तेव्हां अनेक ठिकाणीं त्रुटि आढळल्या. अशा पडताळणींत वाचनालयाचा वर्ग खालीं आला किंवा मान्यता गेली, तर त्याची झळ ज्याची चूक त्यास लागत नाहीं. ती अल्प वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालास आणि दारांतून परत जाणाऱ्या वाचकास लागते. वाचकानें निवडणुकींत लक्ष घालण्याचें खरें कारण हें आहे.

मंडळाचें काम चार गोष्टींभोंवतीं फिरतें: पैसा, पुस्तकें, सेवक आणि इमारत.

पैशाच्या बाबतींत मंडळ अंदाजपत्रक ठरवितें, वर्गणीचे दर ठरवितें, अनुदानाचा विनियोग नियमांप्रमाणें करतें आणि लेखापरीक्षकानें तपासलेला हिशेब सर्वसाधारण सभेपुढें मांडतें. अनुदानाचा एक मोठा भाग सेवकांच्या वेतनावर जातो. उरलेल्यांतून ग्रंथखरेदी, नियतकालिकें, वीज, बांधणी व दुरुस्ती हीं भागवावीं लागतात. अनुदान हप्त्यांनीं येतें आणि खर्च रोज होतो, म्हणून मधल्या महिन्यांत वेतन कसें द्यावयाचें हा कोषाध्यक्षाच्या नित्याच्या चिंतेचा विषय असतो. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवांचून न्यासाच्या नांवें कर्ज काढतां येत नाहीं, हेंहि नव्या सभासदानें आरंभींच जाणावें.

पुस्तकांच्या बाबतींत ग्रंथनिवड समिति ही वाचनालयाची खरी पाकशाळा होय. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांतील पहिलें असें कीं, पुस्तकें उपयोगासाठीं आहेत. हें सूत्र ऐकावयास साधें वाटतें. पण देवघेवीच्या नोंदी उघडून, गेल्या वर्षीं घेतलेलीं कोणतीं पुस्तकें एकदांहि बाहेर गेलीं नाहींत, हें पाहिलें म्हणजे त्याची धार कळते. सवलत अधिक मिळते म्हणून घेतलेला गठ्ठा आणि वाचकांच्या मागणीवहींतून घेतलेलीं पुस्तकें ह्यांतील अंतर त्या नोंदींत स्पष्ट दिसतें.

सेवकांच्या बाबतींत मंडळ मालकाच्या जागीं असतें, परंतु त्यानें रोजच्या कामांत हात घालावयाचा नसतो. कोणतें पुस्तक कोणत्या कपाटांत ठेवावें हें ग्रंथपालाचें काम. ग्रंथपालास वेळेवर वेतन आणि कामाला योग्य साधनें मिळतात कीं नाहीं हें पाहणें मंडळाचें काम. ही मर्यादा न समजल्यामुळें उत्साही सभासदांच्या हातून चांगल्या ग्रंथपालांचा जीव नकोसा झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

चवथी गोष्ट इमारतीची, आणि आजच्या काळांत सर्वांत नाजूक तीच आहे. जुनीं वाचनालयें गांवाच्या मध्यभागीं, पेठेंत किंवा चौकांत आहेत. ज्या जागेस शंभर वर्षांपूर्वीं विशेष मोल नव्हतें, तिच्यावर आज बांधकाम व्यावसायिकांची दृष्टि असते. जुनी इमारत पाडून तेथें मोठी बांधावी, खालीं दुकानें काढावींत आणि वरच्या मजल्यावर वाचनालय न्यावें, अशा योजना मंडळापुढें येतात. त्यांतील कांहीं संस्थेच्या हिताच्याहि असतात, कारण दुकानांच्या भाड्यावर वाचनालय तरतें. परंतु सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास, अदलाबदल करण्यास किंवा दान देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. इमारत किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीनें भाडेपट्ट्यानें देण्यासहि ती लागते. अशा वेळीं मंडळावर प्रश्न विचारणारीं दोन माणसें आहेत कीं नाहींत, ह्यावर पुढील पन्नास वर्षांची गोष्ट अवलंबून राहते. वृद्ध वाचक तिसऱ्या मजल्यावर कसे चढतील, हा प्रश्न ज्याला सुचतो तो माणूस मंडळांत असावयास हवा.

उमेदवारीची तयारी निवडणुकीच्या आधीं निदान एक वर्ष सुरू व्हावी. सर्वसाधारण सभेस हजर राहणें ही त्यांतील पहिली पायरी. ह्या सभांना गणसंख्या पुरत नाहीं आणि अर्ध्या तासानें तीच सभा पुन्हां भरविली जाते, असा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून तेथें बसून शांतपणें हिशेब वाचणारा सभासद लगेच ओळखला जातो. मागील तीन वर्षांचे वार्षिक अहवाल व लेखापरीक्षण अहवाल वाचावे. एकूण खर्चापैकीं पुस्तकांवर किती गेला, वर्गणीची थकबाकी वाढते कीं घटते, सभासदसंख्या कागदावर किती आणि प्रत्यक्ष देवघेव करणारे किती, एवढ्या तीन गोष्टी काढल्या, तरी संस्थेच्या प्रकृतीचें निदान होतें. नंतर आठवड्याच्या निरनिराळ्या दिवशीं, निरनिराळ्या वेळीं वाचनालयांत तासभर बसून यावें. वर्तमानपत्राच्या टेबलाशीं कोण येतें, बालविभाग उघडा असतो कीं कुलुपांत, स्त्रियांना बसावयास जागा आहे काय, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारीं मुलें कोठें बसतात, हें अहवालांत लिहिलेलें नसतें.

प्रत्यक्ष निवडणुकीचा क्रम बहुतेक संस्थांत सारखाच असतो. मंडळ निवडणूक निर्णय अधिकारी नेमतें. तो स्वतः उमेदवार नसावा एवढेंच नव्हे, तर दोन्ही बाजूंना विश्वासार्ह वाटावा. तात्पुरती मतदारयादी, हरकती, अंतिम यादी, नामनिर्देशनपत्रें, छाननी, माघार, मतदान व मोजणी अशा पायऱ्या तारखांसह जाहीर होतात. नामनिर्देशनपत्रावर सूचक व अनुमोदक ह्यांच्या सह्या लागतात, आणि ते दोघेहि अंतिम यादींतील मतदार असावे लागतात. अर्ज बाद होण्याचीं कारणें बहुधा क्षुल्लक असतात: सूचकाचा क्रमांक चुकला, सही यादींतील नांवाशीं जुळली नाहीं, एकाच सूचकानें घटनेंत ठरलेल्या संख्येहून अधिक अर्जांवर सही केली. छाननीच्या वेळीं उमेदवारानें स्वतः हजर राहावें. तेथें हजर असलेल्याची चूक कधीं कधीं तेथेंच सुधारतां येते. गैरहजर असलेल्याची सुधारत नाहीं.

मतदानाच्या पद्धतींत एक गणित दडलेलें आहे, आणि तें प्रत्येक उमेदवारानें समजून घेतलें पाहिजे. बहुतेक ठिकाणीं जितक्या जागा तितकीं मतें प्रत्येक मतदारास असतात. समजा, पंधरा जागा आहेत आणि सहाशें मतदारांनीं मतदान केलें. त्यांतील तीनशें वीस जणांनीं एका पॅनेलच्या पंधराहि उमेदवारांना मतें दिलीं आणि दोनशें ऐंशी जणांनीं दुसऱ्या पॅनेलला दिलीं. मतांचा फरक शेंकडा सात टक्क्यांहूनहि कमी. परंतु पहिल्या पॅनेलच्या पदरांत पंधराच्या पंधरा जागा पडतात आणि दुसऱ्याच्या हातीं एकहि लागत नाहीं. जवळजवळ निम्म्या मतदारांचा मंडळांत एकहि प्रतिनिधि नसतो. ह्या पद्धतींत पॅनेलबाहेरच्या स्वतंत्र उमेदवाराची वाट कठीण आहे. त्याचा मतदार त्याला एक मत देतो आणि उरलेलीं चौदा मतें दुसऱ्या कोणास तरी देऊन नकळत त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांना पुढें ढकलतो. घटनेंत जागांइतकीं मतें देणें सक्तीचें नसेल, तर आपल्या मतदारांनीं मोजक्याच उमेदवारांना मतें द्यावींत असें त्यास सांगतां येतें. सक्तीचें असेल, तर तोहि मार्ग बंद. ह्यावर उपाय घटनेंतच करावा लागतो. दरवर्षीं एक-तृतीयांश सभासद निवृत्त होऊन तेवढ्याच जागांची निवडणूक व्हावी, म्हणजे जुना अनुभव टिकतो आणि नव्याला दार उघडें राहतें. स्त्रियांसाठीं आणि नियमित वाचकांसाठीं कांहीं जागा राखून ठेवणें हाहि एक मार्ग आहे.

प्रचाराविषयीं दोन शब्द पुरेत. वाचनालयाच्या मतदारसंघांत माणसें एकमेकांस ओळखतात. तेथें मोठमोठ्या फलकांपेक्षां घरीं जाऊन केलेलें दहा मिनिटांचें बोलणें अधिक परिणाम करतें. आश्वासनें थोडीं आणि मोजतां येण्याजोगीं असावींत. 'वाचनालयाचा कायापालट करूं' ह्या वाक्याला अर्थ नाहीं. 'बालविभाग रविवारीं सकाळीं उघडा ठेवण्याचा ठराव पहिल्या सहा महिन्यांत मांडूं' ह्या वाक्याला आहे, कारण सहा महिन्यांनीं तें कोणालाहि तपासतां येतें. वर्गणी वाढविणार नाहीं असें वचन देण्यापूर्वीं हिशेब पाहावा. कित्येक संस्थांत वर्गणी वाढविल्यावांचून नवीं पुस्तकें येणें शक्य नसतें, आणि तें सभासदांना निवडणुकीपूर्वींच सांगणें हाच प्रामाणिकपणा ठरतो. निवडणुकीच्या तोंडावर शेंकड्यांनीं नवे सभासद दुसऱ्याच्या खर्चानें करून आणणें, ही एक रूढ झालेली युक्ति आहे. तिनें जागा मिळते. परंतु असे सभासद निकालानंतर वाचनालयाची पायरी चढत नाहींत, आणि पुढच्या खेपेस प्रतिस्पर्धी त्यांच्या दुप्पट सभासद आणतो. घटनेंत मतदानापूर्वीं सभासदत्वाची किमान मुदत ठेवण्याचें प्रयोजन हेंच आहे.

निकाल लागला म्हणजे काम संपलें असें समजण्याची चूक विजयी पक्ष नेहमीं करतो. मंडळांत बदल झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आंत त्याची खबर धर्मादाय कार्यालयास विहित नमुन्यांत द्यावी लागते. व्यवहारांत ह्यास बदल अर्ज म्हणतात. तो अर्ज मंजूर झाल्यावरच नवीं नांवें न्यासाच्या नोंदवहींत चढतात. हा अर्ज वेळेवर न केल्यामुळें, किंवा त्यावर हरकत आल्यामुळें, कित्येक संस्थांच्या नोंदवहींत दिवंगत झालेल्या विश्वस्तांचीं नांवें अनेक वर्षें तशींच राहतात. मग बँक सह्या बदलून देण्यास कां-कूं करते, अनुदानाच्या कागदांवर शंका निघतात, आणि दोन गट कार्यालयाच्या पायऱ्या झिजवूं लागतात. ह्या वादांत पुस्तकांची खरेदी थांबते ही गोष्ट कोणाच्याहि अर्जांत लिहिलेली नसते. म्हणून निवडणुकीचे सर्व कागद, म्हणजे सभेची सूचना, ती पोंचल्याचा पुरावा, अंतिम यादी, मोजणीचा तक्ता आणि सभेचें इतिवृत्त, हे मोजणीच्या दिवशींच एका फायलींत लावून ठेवणें, हें नव्या कार्यवाहाचें पहिलें कर्तव्य आहे.

मंडळावर बसल्यानंतर सभासद हा पॅनेलचा राहत नाहीं. तो विश्वस्त होतो. विश्वस्तानें न्यासाचा कारभार एकाद्या शहाण्यासुरत्या माणसानें स्वतःचा कारभार पाहावा तितक्या दक्षतेनें पाहावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आपल्या नातेवाइकाचें पुस्तकांचें दुकान असेल, तर खरेदीच्या ठरावाच्या वेळीं तें उघड सांगून बाजूस बसावें. ठराव मान्य नसेल, तर विरोधाची नोंद इतिवृत्तांत करून घ्यावी. बाहेर कट्ट्यावर केलेल्या विरोधाची नोंद कोठेंच होत नसते. आणि ज्या ग्रंथाशीं आपलें मत जुळत नाहीं तो ग्रंथ वाचनालयांत ठेवण्याच्या बाजूनें हात वर करतां येणें, ही विश्वस्ताची सर्वांत कठीण परीक्षा होय. वाचनालय मंडळाच्या आवडीसाठीं नाहीं. तें ज्याची आवड मंडळास ठाऊक नाहीं अशा वाचकासाठींहि आहे.

राहतां राहिला पराभूत उमेदवार. त्याच्याजवळ निवडणुकीच्या निमित्तानें एक अशी वस्तु जमलेली असते कीं जी विजयी झालेल्या पुष्कळांजवळ नसते: तीन वर्षांच्या हिशेबांचें ज्ञान आणि शंभर-दोनशें सभासदांच्या तक्रारींची यादी. तो पुढच्या सर्वसाधारण सभेस पुन्हां येऊन बसला, आणि त्यानें अंदाजपत्रकावर दोन नेमके प्रश्न विचारले, तर जागेवांचूनहि तो कारभारांत भाग घेत असतो. मंडळ चांगलें राहतें तें केवळ निवडून आलेल्यांच्या चांगुलपणानें नव्हे. आपल्या हिशेबाचें पान कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीवहि त्यास नीट ठेविते.

पुढील सर्वसाधारण सभेची सूचना वाचनालयाच्या फळ्यावर लागेल, तेव्हां ती वर्तमानपत्राच्या टेबलाकडे जातां जातां सर्वांच्याच दृष्टीस पडेल. तिच्यावर सभेची तारीख, वेळ आणि विषय लिहिलेले असतात, आणि घटनेनें मताधिकार दिलेल्या प्रत्येक सभासदास ती उद्देशून असते. वर्गणीची पावती खिशांत आहे कीं नाहीं, एवढें त्याच दिवशीं पाहून ठेवलें, तरी वाचक आणि वाचनालयाचा कारभार ह्यांमधील अर्धें अंतर तुटतें.